दोन करवंट्यांचा पहारा

मुलांनो, जरा डोळे मिटा. डोळे मिटल्यावर पुढचं वाचायचं कसं, असं आमच्या रितेशने लगेच विचारलं असतं. तेव्हा एक डोळा उघडा ठेवा. कल्पना करा, मार्चमधली दुपार आहे. रत्नागिरीत मार्चच्या दुपारी कुणी फारसं काही करत नाही. समुद्रावरून वारा येतो, शेवरीची बोंडं फुटतात आणि पांढरा कापूस अंगणभर तरंगत राहतो. पडतोय म्हणावं तर पडत नाही, उडतोय म्हणावं तर उडत नाही. आता असं समजा, की माणसाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द आपल्याला दिसायला लागला आहे. "ये, बस, पाणी घे," हे शब्द त्या कापसासारखे तरंगत येतात आणि खांद्यावर टेकतात. आणि "डोळे फुटले काय रे तुझे?" हे शब्द जांभ्या दगडाच्या कपच्यांसारखे खाली पडतात. पडतात ते पडतात, तिथेच राहतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पायाला टोचतातच.

हे सगळं मी आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पाहिलं. माझी पत्नी विमला याला झोप म्हणते. मी चिंतन म्हणतो. त्या चिंतनातूनच पुढचा सगळा घोटाळा झाला.

मी विनीत गुरुजी. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारची शाळा घेतो. अकरा मुलं, तीन बाकं आणि एक पेटी, जिच्या दोन पट्ट्या दाबल्यावर नुसता सुस्कारा सोडतात. या अकरा मुलांत एक राही. आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्याला कायम एक तरी खपली. तिची आई स्वप्ना नर्स आहे. स्वप्ना सांगते, की राही घरी गाते, भांडते, मांजराला गोष्टी सांगते. आमच्या शाळेत मात्र ती नाताळपासून एक अक्षर बोलली नव्हती. नाताळच्या नाटकात ती मेंढरू झाली होती. तेव्हापासून जी गप्प झाली ती झालीच. हजेरी घेतली की हात वर करायची. गाण्याच्या वेळी ओठही हलवायची नाही.

त्यात स्वप्नाची बदली झाली. एक एप्रिलपासून दापोली. म्हणजे मार्चचा शेवटचा रविवार हा राहीचा आमच्याकडचा शेवटचा. मी विचार करायचो, ही पोर अशीच गप्प दापोलीला गेली, तर उद्या मोठी झाल्यावर तिला आमचं चर्च कसं आठवेल? एक जागा, जिथे आपला आवाज राहून गेला. ती जायच्या आत मला तिचा आवाज एकदा ऐकायचा होता. एवढंच. बाकी सगळे बेत त्यासाठी होते.

तिला कुणीतरी लागेल असं बोललं असणार, याची मला खात्री होती. माझा संशय रितेशवर होता. रितेश दहा वर्षांचा आहे आणि त्याच्या जिभेला हाड नाहीच, पण लगामही नाही.

उपवासकाळ चालू होता. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या त्या चाळीस दिवसांत आमच्यात कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मी मुलांना म्हटलं, "यंदा आपण एक आठवडा जिभेचा उपास करू. देवानं शब्दानं जग केलं. आपणही शब्दांनी रोज काहीतरी करतोच. कुणाचा दिवस करतो, कुणाचा दिवस घालवतो. तर आठवडाभर एकही कडू शब्द नाही."

नियम असे ठरवले. मुलंच नव्हे, मी, विमला आणि चर्चची पंचमंडळीही यात; प्रत्येकावर एक मूल पहारेकरी. पहारेकऱ्याच्या हातात नारळाच्या दोन करवंट्या. आपला माणूस कडू बोलला की करवंट्या एकमेकींवर आपटायच्या, टॉक! आणि जांभ्याची एक कपची त्याच्या नावाच्या डब्यात टाकायची. बोलणाऱ्याने तिथल्या तिथे, ज्याला बोलला त्याच्याविषयी तीन चांगल्या आणि खऱ्या गोष्टी त्याच्या तोंडावर सांगायच्या. शेवटच्या रविवारी सगळे डबे चर्चमध्ये मंडळीसमोर उघडायचे. हे शेवटचं कलम माझंच. कुणीही ते माझ्यावर लादलं नव्हतं, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

चिठ्ठ्या टाकल्या. माझं नाव राहीला आलं. मला वाटलं, देवाची योजना! आठवडाभर शाळा सुटल्यावर ही माझ्यासोबत असणार, कधीतरी बोलावंच लागेल. घरी येऊन मी हे विमलाला सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे न बोलणाऱ्या पोरीला बोलतं करायचं, म्हणून तिला न बोलता बोलायचं साधन दिलंत."

अडतीस वर्षं शिक्षक होतो मी.

सोमवारी सकाळी शेजारचा बाळा कुंपणाशी आला. बाळा म्हणजे आमच्या वाडीतला पालखीचा मानकरी. त्याचा आवाज इतका दणदणीत, की तो हळू बोलला तरी झाडावरचे कावळे उडतात.

"गुरुजी, आयकला ता खरा काय? गोड बोलायचा आठवडा काढलाव?"

"हो. आजपासून."

"आजपासून!" बाळा कुंपणाला धरून हसायला लागला. "अवो, शिमगा हाय! अख्खा कोकण बोंबा मारतोय, नि तुमी आत्ताच तोंड धुवायला बसलाव?"

आता कबूल करतो. मी तारीख ठरवताना चर्चच्या पाळकसाहेबांची वही पाहिली, कारभार पाहणाऱ्या पंचमंडळीची सोय पाहिली, विमलाच्या गुडघ्याची तपासणी पाहिली. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं पाहिलं नाही. होळीभोवती उभं राहून नावं घेऊन घेऊन शिव्या घालायच्या आणि त्या कुणी मनावर घ्यायच्या नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. नेमक्या त्याच दिवसांत मी अकरा पोरांच्या हाती करवंट्या दिल्या होत्या. मंगळवारी आमच्या वर्गातल्या समर्थने होळीपाशी उभं राहून प्रत्येक बोंबेला टॉक केलं. हात दुखून आला तेव्हा घरी आला. शिमगेकऱ्यांना वाटलं, पोरगं ठेका धरतंय. त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी यायचं आमंत्रण दिलं.

मी बाळाला विनवलं, "निदान आमच्या आळीत तरी पोरांना सांभाळून बोलायला सांग."

बाळा गंभीर झाला. "सांगतो. पन गुरुजी, येक विचारू? आमचा वरीसभर मनात साठलेला त्या होळीत जातो. बोंब मारली, जळला, राख झाली. तुमचा कुठं जाता?"

मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं!"

टॉक.

फाटकाशी राही उभी होती. शाळेला निघालेली, पाठीवर दप्तर, हातात करवंट्या. मी बाळाकडे वळलो आणि म्हटलं, बाळा, तू अडीअडचणीला धावतोस; बाळा, तुझ्या पडवीत आल्यागेल्याला पाणी मिळतं; बाळा, तुझा आवाज... तुझा आवाज लांबवर पोहोचतो. बाळा विरघळला. संध्याकाळी त्याने एक फणस पाठवला. डब्यात पहिली कपची पडली.

समोरच्या कमलाबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्या बौद्ध आहेत, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माझ्या चुकांची चर्चा होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्यात सम्यक वाचा म्हणतात याला. पण त्याला जन्म लागतो हो, आठवडा नाही पुरत. आणि जाहीर केलं नसतंत तर बरं झालं असतं."

पण जाहीर करायचं तर अजून बाकी होतं. पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीचा फलक लागतो. चर्चच्या भिंतीवर मोठा फलक: "या आठवड्यात गोड बोलूया." त्यासाठी परवानगी. ती आणायला मी आणि राही एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. आठवडा संपला असला तरी सवय राहिली आहे.

टेबलामागे राजेंद्र नावाचे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला, उलटा केला, मागे काहीच नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "संक्रांतीचे फलक जानेवारीतच उतरवायचे असतात. तुम्ही आत्ता लावताय?"

"हा संक्रांतीचा नाही."

"गोड बोला लिहिलंय."

"ते आमच्या चर्चतर्फे आहे."

"चर्चची संक्रांत वेगळी असते का?" त्यांनी अतिशय सौजन्याने विचारलं. "नाही, मग प्रकार कुठला लिहू? माझ्याकडे जाहिरात, वाढदिवस, अभिनंदन आणि निषेध एवढेच आहेत."

चाळीस मिनिटं आम्ही प्रकार शोधत होतो. शेवटी मी म्हटलं, "अहो, तुम्हाला डोकं दिलंय ते टोपी ठेवायला का?"

टॉक! त्या लांबलचक खोलीत तो आवाज असा घुमला, की दोन टेबलांपलीकडचे साहेब जागे झाले. मी राजेंद्ररावांना नियम समजावून सांगितला आणि घाम पुसत तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. तुमच्या टेबलावरच्या तुळशीला तुम्ही पाणी घालता, ती टवटवीत आहे.

राजेंद्ररावांनी तुळशीची कुंडी जरा जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "एकोणीस वर्षं आहे मी या टेबलाला. तुळस कुणाला दिसली नव्हती." आणि उठून आत गेले. मला वाटलं, परवानगी आणायला. ते आतल्या दोघांना घेऊन आले आणि मला म्हणाले, "जरा परत सांगा. यांच्यासमोर."

परवानगी मिळाली. 'निषेध' या प्रकारात, आणि पुढच्या सोमवारपासून. म्हणजे आठवडा संपल्यावर. तो फलक अजून आमच्या माळ्यावर आहे.

परत येताना रस्त्याच्या कडेला शेवरीचा कापूस उडत होता. राही एका हाताने करवंट्या सांभाळत दुसऱ्या हाताने तो झेलत होती. मी तिला म्हटलं, "राही, ते गृहस्थ कसे खुलले, पाहिलंस? एका शब्दानं." तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ थोडे विलग झाले. मी श्वास रोखून थांबलो. एवढ्यात मागून एसटीने भोंगा दिला, आणि मी चालकाला जे म्हणालो त्यासाठी तीन चांगल्या गोष्टी सांगायला गाडी थांबली नाही. त्या मी तिच्या मागच्या नंबरप्लेटला सांगितल्या.

घरात वेगळीच आपत्ती होती. मासेवाली गंगा दारी आली. तिच्याशी घासाघीस म्हणजे आमचा पंचवीस वर्षांचा आनंद. तिने म्हणायचं, "मास्तर, समुद्र तुमच्या सासऱ्याचा काय?" आणि मी म्हणायचं, "हे बांगडे तुझ्यापेक्षा म्हातारे दिसतात." आता पायरीवर पहारेकरी बसलेली. मी म्हटलं, "गंगाबाई, आज तुझ्या बांगड्यांचे डोळे काय पाणीदार आहेत!"

गंगाने पाटी खाली ठेवली. विमलाला हाक मारून म्हणाली, "वयनी, मास्तरांना बरा नाय काय?" आणि कीव येऊन तिने अर्धी पाटी आमच्याकडेच रिकामी केली. तीन दिवस आम्ही बांगडे खाल्ले, आणि वर बाळाचा फणस.

विमला तर या नियमाची वकील निघाली. तिची पहारेकरी तेजस्वी, आमच्या वर्गातली कोवळी पोर. विमला तिच्यासमोर मला हसतमुखाने म्हणायची, "तुमच्यासारख्या थोर पुरुषाचा ओला टॉवेल माझ्या गादीवर पडावा, हे माझं भाग्य." तेजस्वी करवंट्या उचलायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. शेवटी रडकुंडीला येऊन तिने मला विचारलं, "गुरुजी, गोड शब्दात कडू असेल तर?"

प्रश्न पंचमंडळीपुढे गेला. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सभा भरली, विषय: सूर धरावा की शब्द. साडेसहापर्यंत एकवीस टॉक झाले. आमचे खजिनदार सचिवांच्या चांगल्या गोष्टी सांगू लागले आणि दुसरीवर अडले. त्यांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून सभा तहकूब झाली. ते अजून विचार करत आहेत.

एवढं होऊनही, मुलांनो, आठवडाभर काहीतरी हळूहळू बदलत होतं. दुपारी खुर्चीत बसलो की मला आळी धुकट, मऊ दिसायची. शब्द तोंडात आले की लोक क्षणभर थांबायचे, जसं उंबऱ्याशी आलेलं माणूस चप्पल काढायला थांबतं. रितेशच्या डब्यात तर तीनच कपच्या होत्या. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "खरं सांग, नाताळात तू राहीला काही बोललास का?"

"मी नाही, गुरुजी," रितेश म्हणाला. तो आणखी काही सांगणार होता. माझ्याकडे पाहून त्याने तोंड मिटलं. रितेशने आपणहून तोंड मिटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि याचं श्रेय माझ्या उपक्रमाला दिलं.

मार्चचा शेवटचा रविवार आला. चर्च भरलं होतं. कमलाबाई मुद्दाम मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. स्वप्नाच्या घरचं सामान बांधून झालं होतं, आणि राहीने नवा पिवळा फ्रॉक घातला होता. मी ठरवलं होतं, की डबे उघडून झाले की तिला शेवटची प्रार्थना म्हणायला सांगायचं. नाही म्हणाली तर नाही. पण विचारायचं.

एकेक पहारेकरी पुढे येऊन डबा मेजावर ओतू लागला. माझी पाळी आली. राहीने डबा उपडा केला. मी मनात हिशेब ठेवला होता: बाळा, राजेंद्रराव, एसटीचा चालक वगैरे मिळून नऊ. नऊ कपच्या पडल्या. मी मंडळीकडे वळून जरा विनयाने हसलो. सात दिवसांत नऊ, माझ्या वयाला काही वाईट नाही.

राहीने डबा पुन्हा हलवला. आणखी एक पडली.

ती दहावी सोनेरी कागदात गुंडाळलेली होती. कागद जुना, घड्या पडून मऊ झालेला. मी तो ओळखला. विमलाने नाताळच्या नाटकासाठी देवदूताचे पंख केले होते, त्याचा तो कागद.

आणि मला डिसेंबरातली ती तालीम आठवली. राही आधी मेंढरू नव्हती. ती देवदूत होती. पंख लावून ती उभी राहिली आणि मेंढपाळांना धीर देणारं तिचं वाक्य तिने अगदी हळू आवाजात म्हटलं. आणि मी, अडतीस वर्षांचा अनुभव असलेला मी, म्हणालो होतो, "देवदूत असा पुटपुटला असता ना राही, तर मेंढपाळ घोरतच पडले असते! जा, तू मेंढरू हो. मेंढराला बोलावं लागत नाही." सगळे हसले होते. मला तो विनोद इतका आवडला, की घरी जाऊन जेवताना मी तो विमलाला पुन्हा सांगितला. मग विसरून गेलो. पंख दुसऱ्या मुलीला दिले. त्या कागदाचा एक तुकडा राहीने ठेवून घेतला होता, तीन महिने.

तुमचा कुठं जाता, असं बाळाने विचारलं होतं. माझा कडू शब्द इथे गेला होता. एका आठ वर्षांच्या मुलीच्या दप्तरात.

मी ते सगळं मोठ्याने मंडळीला सांगितलं. आता शब्द गिळण्यात अर्थ नव्हता. मग राहीसमोर उभा राहिलो. "राही, माझं चुकलं. मला माफ कर." आणि नियमाप्रमाणे तीन चांगल्या गोष्टी सांगायला लागलो. राजेंद्ररावांना सांगताना कशा भराभर सुचल्या होत्या! "तू... तू एकदाही खोटा टॉक केला नाहीस. आणि तू... कापूस झेलतेस तेव्हा तो चुरगळत नाही." तिसरी येईना. म्हणजे खूप होत्या, पण पुन्हा काही चुकीचं बोलून बसेन, अशी भीती वाटली. मी मुलांच्या बुटक्या बाकाचा आधार घेतला आणि खाली बसलो. एवढ्या लोकांसमोर, गप्प.

बाहेर ढोल वाजत आला होता. पालखी घरोघर फिरत आमच्या रस्त्याला लागली होती. दाराशी येताच बाळाचा आवाज आला, "थांबवा रे! आत गुरुजींचा कायतरी चाललाय." आणि ढोल थांबला. इतकं शांत झालं, की उघड्या खिडकीतून आत आलेला शेवरीचा एक पुंजका पेटीवर टेकला, तेही ऐकू आलं असतं.

राहीने करवंट्या मेजावर ठेवल्या, एकमेकींत घालून, आवाज न करता. दोन्ही हात बाजूला थोडे वर उचलले, पंख असल्यासारखे. ती माझ्या समोर आली, हनुवटी वर केली, आणि मार्चच्या त्या उकाड्यात, मागच्या बाकापर्यंत, दाराबाहेर ढोलावर हात ठेवून उभ्या असलेल्या बाळापर्यंत पोहोचेल अशा स्वच्छ आवाजात तिने नाताळचं आपलं वाक्य म्हटलं.

"भिऊ नका."